उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी

गेल्या चैत्रात माहेरच्या वस्तीवर उष्टावण होतं. माण तालुका, उन्हाने रान नुसतं पांढरं पडलेलं. चुलतभावाच्या नातीला सहा महिने भरले होते. मामा आटपाडीकडून चांदीची वाटी आणि चमचा घेऊन आला होता. शेवयांची खीर, वर तुपाची धार. पोरगी मामाच्या मांडीवर बसली, पहिला चमचा तोंडात गेला तशी तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळी वस्ती हसली. फोटो निघाले, पंगत उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस्टी धरायची म्हणून मी पहाटे उठले, तर पोरीच्या आईच्या भाकरी थापूनही झाल्या होत्या. साडेसातला टेम्पो आला. त्यात आधीच पंधरा-वीस बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. पलीकडच्या गावात कांदा काढायला जायचं होतं. तिने पोरीला घाईघाईने अंगावर पाजलं, सासूच्या हातात दिलं आणि "येते आत्या" म्हणून ती टेम्पोत चढली. परत यायला संध्याकाळचे सहा वाजणार होते.

माझी एस्टी चुकली. त्यामुळे तो उरलेला दिवस मला बघायला मिळाला. नऊ वाजता पोरीला चहात भिजवलेलं बिस्कीट. अकराला रडली म्हणून पुन्हा तेच. दोन वाजता वरणाच्या पातेल्यातलं वरवरचं पाणी, चार-पाच चमचे. मग झोप. माझ्या वहिनीचे, म्हणजे पोरीच्या आजीचे, गुडघे गेलेले, तिच्या भोवती आणखी दोन नातवंडं, दारात दोन म्हशी, आणि पाण्याचा टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. मी काहीतरी बोलणार हे तिने ओळखलं असावं. "वन्सं, तिला गिळतच न्हाई बघा, उगं चोखती," ती म्हणाली. चांदीची वाटी कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

त्या दिवशी त्या घरात अन्न नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. ज्वारी होती, मटकी होती, शेंगदाणे होते, म्हशीचं दूध होतं. नव्हते ते हात. ते दिवसातून पाच-सहा वेळा घास मऊ करून, थांबून, गाणं म्हणून, चिऊ-काऊ करून त्या पोरीच्या तोंडात घालणारे हात त्या वेळी दुसऱ्याच्या रानात कांदा उपटत होते. सातारा-सांगलीकडच्या लहान मुलांच्या कुपोषणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. आपल्याकडे मूल उपाशी राहतं ते बहुतेक वेळा आईच्या वेळेच्या टंचाईमुळे. ती टंचाई आपल्या डोंगरांनी, धरणांनी, दुष्काळाने आणि उसाने घडवलेली आहे, आणि पाकिटातून पीठ वाटून ती भरून निघत नाही.

"आपल्याकडे कुठलं आलंय कुपोषण?" हे वाक्य मी साताऱ्यात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला आणि तेव्हापासून हा शब्द आदिवासी पट्ट्याला चिकटला तो चिकटलाच. आपण साखर कारखान्यांचे, दूध संघांचे, द्राक्षबागांचे लोक. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी ठरवलेलं, क्षेत्र नाही. त्यामुळे २०१५ साली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण देणारी अमृत आहार योजना आली, ती आपल्या हद्दीबाहेरच राहिली. योजना चुकीची नव्हती. पण भूक अनुसूचित क्षेत्राचा नकाशा बघून बसत नाही.

राज्याचा आकडा आधी बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. उंचीच्या मानाने हडकुळी २५.६ टक्के. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीतही हडकुळ्यांचा आकडा अगदी हाच होता. पाच वर्षांत दशांशाचाही फरक नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या मुलांमधला रक्तक्षय मात्र ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. शंभरातली जवळजवळ सत्तर मुलं. एवढी सगळी मुलं काही मेळघाटात आणि नंदुरबारात राहत नाहीत.

आता आपला मुलूख. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक पेढे वाटतात. एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली ही दोन टोकं. गंमत अशी की दोन्ही टोकांना मूल वाळतं, फक्त वाट वेगळी.

पश्चिमेची वाट पाण्यामुळेच लांबली. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला आणि खोऱ्यातली गावं दोन काठांना फेकली गेली. कांदाटी खोऱ्यातल्या बाईला आजही दवाखान्याला यायचं तर तापोळा किंवा बामणोलीची लाँच गाठावी लागते. लाँच वेळेवर असते तेव्हा असते. जुलै-ऑगस्टात धुकं उतरलं आणि वारं सुटलं की पाणी ओलांडायचं नाव कोणी घेत नाही. ज्या धरणातून जवळजवळ दोन हजार मेगावॅट वीज निघते त्याच्याच काठावर बाळाची हगवण चार दिवस अंगावर काढली जाते. लहान मुलाच्या बाबतीत चार दिवसांची हगवण म्हणजे महिनाभरात चढलेलं वजन गेलं. ते भरून यायच्या आत पुढचं आजारपण येतं. डॉक्टर याला दुष्टचक्र म्हणतात. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हणतात, "पोर धरंना."

या पट्ट्यातलं आणखी एक. जावळी-पाटणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीत गेली. घरात राहिली म्हातारी माणसं आणि सुना. नाचणी हे इथलं मूळ धान्य. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, लोह असतं, मोड आणून वाळवून दळली तर बाळाला तिच्यासारखं सत्त्व नाही. पण नाचणीची लावणी, बेणणी, राखण सगळं बाईच्या अंगावर. त्यात रानडुकरं आणि गवे एका रात्रीत वाफा साफ करतात. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात. मग नाचणी कोण पिकवणार? आणि मोड आणून वाळवायला, भाजायला, दळायला वेळ कोणाला? बाजारात तेच सत्त्व डब्यात भरून शहरातल्या आयांना विकलं जातं. मी स्वतः साताऱ्यात विकत घेतलेलं आहे.

पूर्वेकडे गेलं की चित्र उलटं होतं. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. इथे बाईचा दिवस पाण्यात जातो, म्हणजे पाणी आणण्यात. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आलं तिथे चित्र बदललं हे खरंच. ज्यांनी त्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले त्यांना मानायला हवं. पण पाणी आलं तशी डाळिंब-द्राक्ष आली, आणि बागायतीबरोबर बाईच्या मजुरीचे दिवसही वाढले. द्राक्षाची छाटणी झाली की पुढे विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, पानं काढणं, सगळं बायकांच्या टोळ्यांवर चालतं. टोळीचा उक्ता, म्हणजे एकराची एकरकमी मजुरी, ठरलेला असतो. उक्त्यात मधल्या वेळेला घरी येऊन पोराला पाजून जायची सोय नाही. एक बाई उठली की टोळीचा एकर लांबतो, आणि मग बाकीच्या बायकाच तिच्याकडे बघतात. मालकाला काही बोलावं लागत नाही.

पूर्वी या भागात हुलग्याचं माडगं असायचं. थंडीत सकाळी घरातल्या लहानथोरांनी प्यायचं. मटकी, हुलगा, चवळी ही कोरडवाहू रानातली मिश्र पिकं. बाजरीच्या ओळींमध्ये आपसूक निघायची. विकायला थोडी, खायला पुरेशी. बाग लागली तशी ती ओळ गेली. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीचं नाव राज्यभर झालं, बाजारात तिला चढा भाव येतो. त्याच तालुक्यातल्या मेंढपाळाची बायको कळपामागे चार-सहा महिने फिरते तेव्हा तिच्या कडेवरच्या पोराचं नाव एका अंगणवाडीत असतं आणि पोर तिथून दीडशे किलोमीटरवर असतं.

म्हशीचंही तेच. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, किटली डेअरीवर द्यायची, फॅट लागली की दहा दिवसांनी पैसे. त्या पैशांतून किराणा येतो, त्यात चहापूड आणि बिस्कीटं येतात, आणि घरातलं दूध घरातल्या मुलाच्या पोटात दोन चमचे जातं ते चहातून. त्या चहाने जेवणातलं थोडंफार लोहही अंगी लागत नाही. यात कोणाला दोष देणार? दूध विकणं हा त्या घराचा एकमेव रोख पगार आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या होत्या. माझे चुलतभाऊ-वहिनी जनावरं घेऊन छावणीतच राहिले, पाल ठोकून. सरकारने त्या वर्षी मोठ्या जनावरामागे दिवसाचं अनुदान शंभर रुपयांपर्यंत नेलं. त्याच वेळी अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा केंद्राने ठरवलेला दर दिवसाला आठ रुपये होता. तीव्र कुपोषित मुलाला बारा. गाईच्या तोंडचा चारा काढून घ्या असं माझं म्हणणं नाही. जनावर जगलं म्हणून घर जगलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण जनावरासाठी छावणी उभारायला आपल्याला आठवडा लागतो. त्याच छावणीत पालाखाली दीड-दोन वर्षांची पोरं चिखल-शेणात बसलेली होती, आणि त्यांच्यासाठी वेगळं काही लागेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. तेव्हा मी फक्त फोटो काढले.

मधला पट्टा उसाचा. वाळवा, पलूस, कराड. इथे पैसा आहे, रस्ते आहेत, गावोगाव डॉक्टर आहेत. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. बीड-नगरकडून आलेले तोडकरी, आणि आपल्याच जत-माणकडचेही. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचं, नवरा तोडतो, बायको पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. अर्ध्या कोयत्याला बाळंतपणाची रजा कसली? पोर बांधाला, उसाच्या वाड्याच्या सावलीत, चार-पाच वर्षांच्या बहिणीच्या राखणीला. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, पण ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला वसतिगृहात ठेवता येत नाही आणि फडात सांभाळता येत नाही. ते त्या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. आपण गोड खातो तो ऊस तोडणाऱ्या बाईचं पोर सगळ्या जिल्ह्यात बहुधा सगळ्यांत अशक्त असतं, आणि हंगाम संपला की ते जिल्ह्याच्या आकड्यांतूनही निघून जातं.

आता या सगळ्याचा त्या पोरीच्या वाटीशी काय संबंध? सरळ आहे. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे साधारण एक वाटी. त्याहून जास्त एका वेळी मावत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, त्यानंतर ते एकटं पुरत नाही. वर्षाच्या आत अंगावरच्या दुधातून निम्म्याच्या आसपास गरज भागते, दुसऱ्या वर्षी तिसरा हिस्सा. बाकीचं वरच्या खाण्यातून यायला हवं, आणि वाटी लहान असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. त्यात वाटीत काय आहे हेही बघावं लागतं. पेज आणि वरणाचं पाणी यांनी पोट भरतं, पोर गप्प बसतं, आणि अंगाला काही लागत नाही. तेच वरण घोटून, भात मऊ कुस्करून, चमचाभर तूप नाहीतर शेंगदाण्याचं कूट घातलं की त्याच वाटीची ताकद दुप्पट होते. हे कोणत्याही अंगणवाडीताईला पाठ आहे, आणि माझ्या वहिनीलाही माहीत आहे. त्या वहिनीनेच माझ्या मुलाला माहेरपणात असं खाऊ घातलेलं आहे. तेव्हा तिचे गुडघे चालत होते आणि तिच्या हाताखाली सून घरात होती.

म्हणून "आयांना अज्ञान आहे, प्रबोधन हवं" हे मला अर्धवट वाटतं. अज्ञान नाहीच असं नाही. गाईचा चीक आपण खरवस करून आवडीने खातो आणि बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक "जड" म्हणून पिळून टाकायला लावणाऱ्या आज्या अजून भेटतात. बाळंतिणीला वांगं नको, केळं नको, पालेभाजी नको, म्हणजे उरलं काय? पण या गोष्टी सांगितल्या की बदलतात, बदललेल्या मी बघितल्या आहेत. साडेसातचा टेम्पो मात्र प्रबोधनाने थांबत नाही.

टेम्पोच्याही आधी काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात, त्या सोडून पुढे जाता येणार नाही. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. देशभर बातमी झाली. नाव बदललं ते बरंच झालं. पण नकुशा ही घरातली तिसरी-चौथी मुलगी असायची. मुलाची वाट बघताना झालेली. तिच्या आधीच्या बाळंतपणांनी आईच्या अंगातलं रक्त संपलेलं असायचं आणि अंगावरचं दूध लवकर तोडलं जायचं, कारण पुढचं लवकर व्हायला हवं. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, २०११ ला ८६७. जन्मू दिलेल्या मुलीच्या ताटात किती पडत असेल, याचा अंदाज या आकड्यावरून करायला हरकत नाही.

आणि आता मातृवंदना योजना बघा. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार, दुसरं अपत्य मुलगी झाली तर सहा हजार. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये म्हटलं होतं, कितवं बाळंतपण ते विचारलं नव्हतं. योजनेने विचारलं. तिसऱ्या मुलीच्या आईला काही नाही. म्हणजे जी सगळ्यांत जास्त थकलेली, तिला महिनाभर घरी बसता येईल एवढीही उसंत सरकार देत नाही. नोकरदार बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती हवीच, मी स्वतः जुन्या बारा आठवड्यांच्या रजेत बाळंत झालेली बाई आहे. पण कांदा उपटणाऱ्या बाईची रजा तिच्या सासूच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. त्यातही महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. जिचं स्वतःचं हाड वाढायचं थांबलेलं नाही तिच्या पोटात दुसरं हाड वाढतं. दोघांनाही कमी पडतं. अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मतं, आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आधीच संपवतं आणि मग आपण त्याला अंगणवाडीच्या काट्याला टांगतो.

अंगणवाडीविषयी बोलायचं तर मला तिच्यावर राग काढायचा नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेली ही योजना नसती तर आपली अवस्था फार वाईट असती. पण तिच्या रचनेत एक भोक आहे. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत येऊन बसतं, गरम खिचडी-उसळ खातं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला मात्र घरपोच आहाराची पाकिटं मिळतात. वाढ खुंटते ती नेमकी याच वयात. पहिल्या हजार दिवसांत, म्हणजे गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंत, जी उंची गेली ती नंतर खिचडीने फारशी परत येत नाही. म्हणजे जिथे हात हवेत तिथे आपण पाकीट देतो. पाकीट घरात येतं, चुलीवर कोणीतरी शिजवायला हवं, शिजवलं तर घरातली सगळी पोरं खातात, नाही आवडलं तर शेरडाला जातं. ताई महिन्याला वजन घेते, दंडघेराची पट्टी लावते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित; साडेबाराच्या आत पिवळं, म्हणजे मध्यम. मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरते. मूल दिवसाला किती वेळा जेवलं हे त्या आकड्यांतून कळत नाही, आणि आई किती वाजता घरी आली हे तर कोणी विचारतच नाही.

एकदा एका ताईबरोबर मी पट्टी लावताना बसले होते. पोरगं सव्वा वर्षाचं, पट्टी पिवळ्यावर. ताईने आजीला विचारलं, "आई कुठाय ह्याची?" आजी म्हणाली, "भांगलायला गेलीया." ताईने वहीत लिहिलं: पालकांना समुपदेशन केलं. आजीला केलं होतं, दोन वाक्यांत, उभ्या उभ्या. ताईला अजून अकरा घरं करायची होती.

यावर एक जुनं उत्तर असतं, आणि ते घरातल्या पुरुषांकडून येतं. बाईने दोन वर्षं घरी बसावं. बसावं की! पण तिच्या रोजाचे पैसे कोण आणणार हे तेच पुरुष सांगत नाहीत. शिवाय तिची मजुरी गेली तर पोराचं तूप आणि अंडं पहिल्यांदा जातं. बापाची तंबाखू जात नाही. बाईचं कामावर जाणं हे त्या पोराच्या भुकेचं कारणही आहे आणि त्याच्या खाण्याचा आधारही. तिला घरात कोंडून हा पेच सुटत नाही. ती कामावर असताना त्या मुलाला कोणीतरी नीट भरवायला हवं, एवढी साधी ही गोष्ट आहे.

म्हणजे पाळणाघर. वस्तीवर, फडावर, बागेच्या हंगामात. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, दहा-बारांना दोन बाया, दिवसातून तीन-चार वेळा ताजं मऊ खाणं, तेल-तुपासकट, आणि दुपारची झोप. हे काही स्वप्नरंजन नाही. छत्तीसगडमध्ये जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने बिलासपूरच्या जंगलातल्या गावांत 'फुलवारी' नावाने अशी पाळणाघरं चालवली, पुढे तिथल्या सरकारनेही तो धडा घेतला. केंद्राचीही 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. पण आपल्याकडे ती शहरांच्या आणि कार्यालयांच्या भाषेत बोलली जाते. उसाच्या फडावर पाळणा कुठे टांगायचा हे तिच्यात लिहिलेलं नाही.

आपल्याला तर हे शिकायला छत्तीसगडला जायचीही गरज नव्हती. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिली. बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये सगळ्या देशाने ती घेतली. कामावर येणाऱ्या बायांच्या लहान मुलांसाठी सोय हवी, हे या रोजगार हमीत पहिल्यापासून होतं. केंद्रीय कायद्यानेही सांगितलं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे, खडी फोडण्याइतकंच, असं कायद्याने मान्य केलेलं ते एक कलम. मी बंडिंगची, शेततळ्यांची, रस्त्यांची कामं पाहिली आहेत. झाडाला बांधलेल्या झोळ्या पाहिल्या आहेत. नेमलेली बाई मला एकदाही दिसली नाही.

खाजगी बागायतदाराला आणि कारखान्याला हेच बंधन का नको? साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे कितीतरी निधी कापले जातात. फडाच्या टोळीमागे दोन बायांची मजुरी त्यात मावणार नाही असं नाही. द्राक्षाच्या एकराला औषधांवर जो खर्च होतो त्यापुढे हंगामातल्या पाळणाघराचा खर्च बागायतदारांच्या गटाने सहज उचलावा एवढा आहे. ग्रामपंचायतीने जागा द्यावी, अंगणवाडीने आहार ताजा शिजवून तिथे द्यावा, पाकिटात नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच या आहारातून ठेकेदार काढा असं सांगितलं होतं. बचत गटांच्या बाया शिजवू शकतात, गावची लग्नं उरकतात त्या. फलटणचं राजकारण आणि इस्लामपूरचं राजकारण यांच्यात एवढे मतभेद असतील, पण दोघांच्याही शिवारात पोर बांधालाच झोपतं.

गेल्या महिन्यात वस्तीवर पुन्हा गेले. पोरगी आता दीड वर्षाची आहे, चालते, वजन जेमतेम आठ किलो. वहिनीला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, समजा इथेच वस्तीवर असं काही निघालं आणि तुलाच ठेवलं, पोरांना भरवायला, पगारावर, तर? ती बराच वेळ म्हशीला वैरण टाकत राहिली. मग म्हणाली, "मला एकटीला दहा पोरं निभायची न्हाईत वन्सं. अजून एक तरणी बाई लागंल. अन् ह्या पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवू नगा, पोरं भाजून निघत्याली. आन् दूध डेअरीच्या आधी हितं द्यायाला सांगा." मग थोडं थांबून तिने विचारलं, "पगार कोण देणार म्हणलासा?"